आज तीन आहे

कुवेतमध्ये हिमस्खलनाला घाबरणारा एकच माणूस असावा, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहायचा. फिंतासच्या त्या इमारतीत आम्ही राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात ते लिफ्टमध्ये भेटले. उंच, जरासे वाकलेले, कपाळावर कायमच्या आठ्या. माझा नवरा मंदार मीना अब्दुल्लाला रिफायनरीत ज्या विभागात आहे, त्याच विभागात ते वरिष्ठ होते. त्याने ओळख करून दिली, मी नमस्कार केला. त्यांनीही नमस्कार केला आणि म्हणाले, "आज तीन आहे."

मी मंदारकडे बघितलं. तो लिफ्टच्या छताकडे बघत होता.

घरी आल्यावर उलगडा झाला. बर्फाच्या डोंगरांसाठी रोज सकाळी धोक्याचा अंदाज निघतो, एक ते पाच आकड्यांत. एक म्हणजे निर्धास्त, पाच म्हणजे घराबाहेर पडू नका. हे गृहस्थ सकाळच्या चहाबरोबर युरोपातल्या डोंगरांचा अंदाज वाचत, जसा आपण पेपर वाचतो तसा. आपल्याकडे ऊन तापायला लागलं, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला की चटका बसायला लागला, की ते न्यूझीलंडकडे वळत, कारण तेव्हा तिकडे हिवाळा. बारा महिने त्यांच्या डोक्यात कुठे ना कुठे बर्फ पडत असे.

"चार असला की लोक घरी बसतात, वहिनी," ते मला समजावत. "दोन असला की सहसा निभावतं. माणसं जातात ती तीनला. तीनला वाटतं, जाऊन येऊ."

मुलांनी त्यांचं नाव बर्फकाका ठेवलं होतं. मराठी मंडळातल्या बायकांनी त्यांच्यासाठी एक पूर्वायुष्यही तयार केलं होतं. लग्न का केलं नाही, तर म्हणे हिमालयात त्यांची होणारी बायको बर्फाखाली गेली. दुसऱ्या गटाचं म्हणणं होतं, धाकटा भाऊ गेला. मला असलं कुजबुजणं जमत नाही. मी एक दिवस सरळ विचारलं, "तुमचं कोण गेलं हो बर्फात?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "कोणी मेलं असेल तरच घाबरायची परवानगी आहे का?"

मग त्यांनी सांगितलं. नाशिकला इंजिनिअरिंगला असताना ते उत्तराखंडात गिर्यारोहणाचा कोर्स करायला गेले होते. तिथल्या शिक्षकांनी तळाजवळच बर्फात छातीएवढा खड्डा खणला आणि म्हणाले, भिंतीला हात लावून बघा. वरचा बर्फ घट्ट, अगदी खालचा बर्फ घट्ट. मधे वीतभर जाडीचा थर होता तो नुसती साखर. मुठीत धरला की बोटांतून गळून जायचा. त्या साखरेवर वरचं सगळं ओझं उभं होतं.

"आदल्या रात्री आम्ही त्याच्यावरच तंबू ठोकून झोपलो होतो, वहिनी. गाणी म्हणत होतो. तेव्हापासून कुठल्याही सपाट पांढऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही."

त्यांचं कामही तसलंच होतं. रिफायनरीतले पाइप तपासायचे. वरून रंग चकाचक, पत्र्याचं आवरण जागच्या जागी, आणि आवरण उघडलं की आतला पाइप गंजून कागदाएवढा उरलेला. मंदार सांगायचा की सर एखाद्या पाइपसमोर उभे राहिले की पोरं लांब सरकतात. घाबरटपणा त्यांच्या नोकरीत गुण मानला जायचा. बाहेर मात्र लोक हसायचे.

हसण्यासारखं होतंच. कुवेतमध्ये उतार म्हणजे काय, तर एगैलाच्या मॉलमधला पार्किंगचा रॅम्प. हे गृहस्थ गाडीतून उतरून मोबाइल त्या रॅम्पवर टेकवत आणि कोन मोजत. बागेतली घसरगुंडी मोजत. अम्गऱ्याला बांधकामाच्या वाळूचे ढीग असतात, तिथे सुट्टीच्या दिवशी जाऊन ढिगांचे उतार मोजत. "तीस ते पंचेचाळीस," ते म्हणायचे. "एवढ्यातच सगळं होतं. त्याहून सपाट असेल तर बर्फ बसून राहतो, त्याहून उभा असेल तर टिकतच नाही." आमच्याकडे जेवायला आले तर आधी फ्रीझर उघडून आत साचलेल्या बर्फावर नख मारून बघायचे. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काका, त्यात मटार आहेत, माणसं नाहीत."

माझ्या स्वयंपाकघरातला त्यांचा प्रयोग मी विसरणार नाही. मुक्ता, माझी मुलगी, तेव्हा पाचवीत होती. तिने विचारलं, बर्फ पडतो म्हणजे नक्की काय होतं. झालं. त्यांनी माझा पोळपाट घेतला, त्यावर जाड फडकं पसरलं, फडक्यावर साखरेचा थर, साखरेवर मैदा चाळून हाताने दाबून बसवला. पोळपाट एका बाजूने हळूहळू उचलत नेला. काही होईना. मुक्ता कंटाळली. मग त्यांनी मैद्याच्या एका कडेला बोटाने टिचकी मारली. टिचकी मारली तिथे काहीच झालं नाही. चीर पडली ती पार वरच्या टोकाला, आणि सरसर आडवी धावत गेली, आणि मैद्याची अख्खी वडी ओट्यावर आली.

"माणूस खाली असतो," ते म्हणाले, "आणि तुटतं त्याच्या वर."

"आणि आवाज?" मुक्ताने विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि पोटातून एक आवाज काढला. हुम्फ. खोल, दबका, एकदाच. आतला साखरेसारखा थर एकदम बसतो आणि त्यातली हवा बाहेर पडते, तेव्हा असा आवाज होतो म्हणे. मुक्ता खो खो हसली आणि दिवसभर तोच आवाज काढत घरभर हिंडली. माझ्या मात्र अंगावर काटा आला. ओटा पुसताना मला स्वतःचाच राग येत होता.

आता कोणी म्हणेल, एवढी भीती, तर बर्फात जायचंच कशाला? पण ते दर हिवाळ्यात जात. "भीती वाटते म्हणून जायचं नाही म्हटलं तर मी रिफायनरीत कसा जाऊ?" असं त्यांचं उत्तर असायचं. कुवेतहून जॉर्जिया विमानाने काही तासांचा प्रवास. फेब्रुवारीच्या शेवटी इथे राष्ट्रीय सणाच्या सुट्ट्या असतात, निम्मं कुवेत बाहेर पडतं. एका वर्षी मंदारच्या डोक्यात आलं की आपणही जाऊ. मंदार पुण्याचा, कॉलेजची सगळी वर्षं सह्याद्रीत काढलेला. कुवेतच्या सपाटीवर त्याचा जीव गुदमरायचा.

काका बरोबर यायला तयार झाले, पण अटी घालून. प्रत्येकाच्या अंगावर बीकन हवा, म्हणजे बर्फाखाली गाडला गेलेला माणूस शोधायचं छोटं यंत्र. आणि निघण्याआधी सराव. तो सराव त्यांनी फिंतासच्या समुद्रकिनाऱ्यावर घेतला. एक बीकन वाळूत पुरायचे आणि आम्ही तिघांनी आपापली यंत्रं घेऊन तो शोधायचा, मग अम्गऱ्याच्या वर्कशॉपमधून बनवून आणलेल्या लांब नळीने वाळू टोचत बसायचं, मग फावड्याने उकरायचं. लोक जमा झाले. पोलिसांची गाडी येऊन थांबली. पोलिसाने विचारलं, काय चाललंय. काकांना अरबी बेताचंच यायचं. ते म्हणाले, "थल्ज, थल्ज." म्हणजे बर्फ. पोलिसाने एकदा वाळूकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे पाहिलं. "वेन थल्ज?" कुठे आहे बर्फ? मंदार हसून हसून वाळूत लोळला. काकांनी घड्याळ दाखवून त्याला सांगितलं, "तू हसतोयस तोवर ती आत गुदमरली." ती म्हणजे मुक्ता. वाळूत पुरलेल्या यंत्राला त्यांनी माझ्या मुलीचं नाव दिलं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही आणि मी तसं बोलून दाखवलं.

जॉर्जियातली ती वाट त्यांनीच निवडली होती. गावाच्या वर डोंगराची रुंद धार, धारेच्या टोकाला जुनी छोटी चर्चची इमारत. सगळी वाट धारेवरून, दोन्ही बाजूंचे उतार खाली राहतात. लांब, कंटाळवाणी आणि सुरक्षित. सकाळी लख्ख ऊन होतं. पायांना स्नोशूज बांधून आम्ही चौघं रमतगमत गेलो, चर्चपाशी डबे खाल्ले. परतताना वारा सुटला.

तसला वारा मी आधी पाहिलेला नव्हता. बर्फ वरून पडत नव्हता, जमिनीवरूनच उठून अंगावर येत होता. दहा पावलांपलीकडचं दिसेना. मुक्ता आठवीत होती तेव्हा, पण मोठ्याने रडायला लागली. तिचा एक हातमोजा मघाशी फोटो काढताना वाऱ्याने नेला होता आणि ते तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. मी माझा हातमोजा तिला घातला. तोवर तिची दोन बोटं पांढरी पडली होती, मेणबत्तीसारखी.

तेवढ्यात मंदारला नाळ दिसली.

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला नाळ म्हणजे काय ते सांगायला नको. दोन कड्यांच्या मधून सरळ खाली उतरणारी घळ. आमच्याकडचे सगळे ट्रेकर वाट चुकले की नाळ शोधतात, कारण नाळ पायथ्याला पोचवतेच. ही नाळही तशीच होती. धारेवरून थेट गावाच्या दिशेने उतरत होती आणि तिच्या तोंडाशी दोन पावलं आत गेलं की वारा एकदम थांबत होता. मी स्वतः आत जाऊन पाहिलं. काय बरं वाटलं तिथे! मऊ, गुळगुळीत, शांत.

"ही घेऊन उतरतो तिला," मंदार म्हणाला. "अर्ध्या तासात खाली. धारेवरून संध्याकाळ होईल, पोरगी गोठेल."

काका मुक्ताच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा धरून उभे राहिले.

"नाळेतून नाही."

"सर, वारा बघताय का?"

"वाराच बघतोय. तो सकाळपासून धारेवरचा बर्फ उचलून कुठे टाकतोय? इथे. वारा लागत नाही म्हणून तुला बरं वाटतंय ना, त्याने आपलं सगळं ओझं इथेच उतरवलंय म्हणून लागत नाही."

"मी पन्नास नाळा उतरलोय."

"तिथल्या नाळेतून पावसाळ्यात काय खाली येतं?"

"पाणी. दगड."

"इथे बर्फ येतो. तोही तुझ्यासारखाच, सोप्या वाटेने."

"ती माझी मुलगी आहे," मंदार ओरडला.

"असू दे," काका म्हणाले आणि पट्टा सोडला नाही.

दोघंही माझ्याकडे बघत होते. मुक्ताचे दात वाजत होते. एका बाजूला डोळ्यांना दिसणारी थंडी, जी माझ्या पोरीची बोटं खात होती. दुसऱ्या बाजूला एका विक्षिप्त माणसाची भीती, जी दिसत नव्हती. मला मैद्याची वडी आठवली असं म्हणायला छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. मला फक्त काकांचा चेहरा दिसला. तो माणूस थरथर कापत होता, आणि ते थंडीने नव्हतं. मी म्हटलं, "मुक्ता माझ्याबरोबर येईल."

मंदार रागाने एकटाच उतरला. काका त्याला ओरडून सांगत राहिले की कडेकडेने जा, मधे जाऊ नकोस, पण दहा पावलांत तो पांढऱ्यात दिसेनासा झाला आणि हाकेला उत्तर आलं नाही. आम्ही धारेवरून निघालो. काका पुढे, वारा अंगावर घेत, मुक्ता त्यांच्या पाठीला चिकटून, मी मागे. ती वाट कशी सरली ते मला सांगता येणार नाही. मी प्रत्येक पावलाला खालच्या बाजूने काही आवाज येतो का ते ऐकत होते आणि वाऱ्यापुढे काहीही ऐकू येत नव्हतं. मला वाटत होतं, मी आत्ता नवरा घालवला, आणि पोरगीही घालवणार आहे.

गेस्टहाउसमध्ये पोचलो तेव्हा मंदार बूटसुद्धा न काढता शेगडीजवळ बसला होता. पँट भिजलेली, ओढ्यात पाय घसरला म्हणाला. समोरचा चहा गार झाला होता. आम्हाला बघून मोठ्याने म्हणाला, "आलो की नाही? काय झालं? काही नाही झालं."

मुक्ताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली. पुढे बोटं वाचली, पण त्यातली जाणीव गेली ती गेलीच. कुवेतला परतल्यावर ही गोष्ट मंडळात सगळीकडे झाली आणि मंदारने ती रंगवून सांगितली. तो नाळेतून आरामात उतरला, चहा मागवला, आणि बर्फकाकांच्या सुरक्षित वाटेने पोरीची बोटं गेली. प्रत्येक गणपतीत, प्रत्येक पिकनिकला, शेवटी टाळी मागितल्यासारखं तेच वाक्य, "काही नाही झालं!" काका तिथेच ताट घेऊन उभे असायचे. ते म्हणायचे, "बरं झालं," आणि जेवायला लागायचे.

ते रोज संध्याकाळी खाली येत आणि मुक्ताच्या बोटांची टोकं हलकेच दाबत. "कळतंय?" ती मान हलवायची, नाही. मग ते वर जायचे. असं पुष्कळ महिने चाललं. एकदा मी त्यांना दारात थांबवून विचारलं, तुमचं चुकलं असं वाटतं का तुम्हाला?

"माहीत नाही," ते म्हणाले. "माझं बरोबर असेल तर काही घडतच नाही, वहिनी. आणि काही घडलं नाही तर मी बरोबर होतो हे मला कोण सांगणार?" ते फार थकलेले दिसत होते.

निवृत्त झाल्यावर ते नाशिकला गेले. इथे बर्फाचं नाव काढणारं कोणी उरलं नाही. मुक्ता शिकायला कॅनडात गेली, पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, आणि तिकडे स्की करायला शिकली. मंदारला कोण अभिमान! मी तिचे फोटो बघायचे आणि मागच्या डोंगरांचे उतार बघायचे. स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टच्या बाजूच्या राखलेल्या उतारांवर असते तोवर ठीक, असं स्वतःला सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे सकाळ होती. मागे गाडी, गाडीवर स्की, तीनचार मित्रमैत्रिणी. राखलेले उतार सोडून ते मागच्या डोंगरात चालले होते. वर चढायचं आणि एका घळीतून स्कीवर खाली यायचं.

"डोन्ट पॅनिक, आई. इट्स ओन्ली कन्सिडरेबल."

"नाव नको, आकडा सांग."

"थ्री."

मी म्हटलं, नको जाऊस. कारणं सांगायला लागले आणि मला एकही धड सांगता येईना. तिने दोन बोटं कॅमेऱ्यासमोर धरली. "आई, आय टुक द सेफ वे वन्स. लुक. आणि बाबा त्या नाळेतून आला. नथिंग हॅपन्ड. ही ऑल्वेज सेज सो."

मंदार सोफ्यावर मॅच बघत बसला होता. तो उठला, टीव्ही बंद केला आणि माझ्या हातातून फोन घेतला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"मुक्ता, आवाज आला होता," तो म्हणाला.

"व्हॉट?"

"मी नाळेच्या मधोमध होतो. पायाखालून आवाज आला. काका काढून दाखवायचे ना, तस्साच. आणि माझ्या वर, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत चीर पळत गेली. माझ्या डोळ्यांसमोर. सगळा उतार बोटभर खाली बसला आणि थांबला. का थांबला ते मला माहीत नाही. मी उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. ओढ्यात मी पडलोच नव्हतो, बाळा. पँट मी... भीतीने ओली झाली होती."

मागून मुक्ताला कोणीतरी हाक मारत होतं.

"यू साउंडेड सो शुअर, बाबा," ती म्हणाली. "एव्हरी टाइम."

"हो."

"मी तुझं ऐकून चालले होते."

"हो, म्हणून तर सांगतोय."

फोन बंद झाला. जाते म्हणाली नाही, नाही जात असंही म्हणाली नाही. आम्ही दोघं त्या बंद फोनसमोर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने निरोप आला की तिने सगळ्यांना अडवलं, दोघं चिडले, पण सगळे लिफ्टच्या बाजूलाच आहेत. सोबत फोटो होता. तो मी मोठा करून पाहिला, मागे लिफ्टचे खांब दिसतात का ते.

सकाळी मंदार ड्यूटीवर निघायच्या आधी मी नाशिकला फोन लावला. मला वाटत होतं, इतक्या वर्षांनी त्या माणसाला निदान एकदा "मी सांगत नव्हतो?" म्हणू दे. तेवढा त्यांचा हक्क होता. मी सगळं सांगितलं.

"चीर त्याच्या वरून गेली?" त्यांनी विचारलं.

"हो. पूर्ण आडवी."

"वरून," ते पुन्हा म्हणाले, अगदी बारीक आवाजात. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मंदार आहे का तिथे? त्याला द्या."

मंदार बूट घालत होता. मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "सर, मी तुम्हाला एवढी वर्षं..."

"ते राहू दे रे. तू पूर्ण खाली आलास ना?"

"हो, सर."

"नीट? कुठे लागलं नाही?"

"नाही, सर."

"आत्ता कुठे उभा आहेस?"

मंदारने एकदा खोलीभर नजर फिरवली. "घरात आहे, सर."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका कापत होता की मंदार एका पायात बूट तसाच ठेवून, फोन दोन्ही हातांत धरून, खाली फरशीवर बसला.